मिस व्हर्लनं न पुकारलेलं नाव

ते भांडण टपालघराच्या खिडकीखाली झालं म्हणून मिस व्हर्लच्या कानावर पडलं. तिनं कान टवकारले नव्हते असं मात्र म्हणता येणार नाही. शिक्क्याची शाई वाळली का ते बघायचं निमित्त करून ती खिडकीला टेकली होती, आणि शाई काही इतका वेळ बघावी लागत नाही.

अंगणात नीरफणसाच्या सावलीत एका अंगाला आयसिल्डा फेसी उभी, डोक्यावर रविवारची टोपी, वार मंगळवार असला तरी. दुसऱ्या अंगाला शाळेतले खेळाचे पिनॉक मास्तर, गळ्यात शिट्टी.

"मिस आयसिल्डा, पोरीच्या पायात देवानं काहीतरी ठेवलंय."

"देवानं पाय दिलेत ते चर्चला चालत जायला, मास्तर. चेंडूला लाथा मारायला दिले असते तर मला कळवलं असतं त्यानं."

"किंग्स्टनला शिबिर आहे. देशाच्या संघासाठी मुली निवडायच्यात. मी केरीनचं नाव धाडलंय. पत्र येईल."

"माझ्या पंधरा वर्षांच्या नातीच्या नावानं पत्र? तिची आई अशीच शहराकडे बघत बघत गेली. मागे ठेवलं काय, तर ही पोर आणि एक कडी तुटलेली पेटी! गुडघे बघा तिचे, नारळाच्या करवंट्या झाल्यात. कोण लग्न करील?"

"लग्न कुणी गुडघ्याशी करत नाही हो."

खिडकीत मिस व्हर्लला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात दडवलं.

"पत्र येऊ दे तर खरं," आयसिल्डा जाता जाता म्हणाली, "चुलीत घालीन आणि त्यावर तुमच्यासाठी चहा ठेवीन."

पाण्याच्या टाकीमागे केरीन उभी होती. तिनंही ते ऐकलं. ती तिथं होती हे मिस व्हर्लला वरून दिसत होतं, आजीला दिसत नव्हतं.

सीडर गॅप हे सेंट मेरीच्या डोंगरातलं गाव. तिथं टपाल घरोघर जात नाही. दहाच्या सुमाराला गाडीवाला थैली टाकून जातो. मग व्हर्लीन डुहानी, म्हणजे मिस व्हर्ल, एकेका पाकिटावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारते, गठ्ठा घेऊन दारातल्या पायरीवर उभी राहते आणि नावं पुकारते. अंगणात जमलेल्यांतून ज्याचं नाव तो म्हणतो, "हजर, मॅडम!" पत्र हातोहात त्याच्याकडे जातं. एकदा नाव पुकारलं की ते पत्र त्याचं. मग आई असो, नवरा असो, पाद्री असो, मध्ये कुणी हात घालायचा नाही. ही रीत मिस व्हर्लच्या आधीच्या बाईपासून चालत आलेली, आणि मिस व्हर्लला तिचा मोठा अभिमान. तिचा आवाज असा की पलीकडच्या टेकडीवर केळी तोडणारा माणूससुद्धा हातातलं टाकून खाली यायचा.

सगळ्या गावाची नावं तिनं पुकारली, एक सोडून: स्वतःचं. तिची लेक जॅसिंथ टोरंटोला गेली, तिनं पहिली दोन वर्षं पत्रं लिहिली, मग नाताळचं नुसतं कार्ड, मग तेही थांबलं. रोज थैली उघडताना मिस व्हर्लचा हात आधी तळाशी जायचा. नाही म्हटल्यावर ती शाईचा डबा उघडायची आणि दुसऱ्यांच्या पत्रांवर जरा जोरातच शिक्के मारायची.

केरीनचं पत्र भांडणानंतर आठवड्यानं, पुढच्या मंगळवारी आलं. लांब, पांढरं, कोपऱ्यात चेंडूचं चित्र. मिस व्हर्लनं शिक्का मारला, गठ्ठा घेतला, पायरीवर आली. केरीन समोरच होती, बगळ्यासारखी एका पायावर. मिस व्हर्लनं गेल, सिंक्लेअर, टुलोक पुकारलं, आणि फेसीची पाळी आली तेव्हा तिच्या अंगठ्यानं ते पाकीट गठ्ठ्याखाली सारलं. तिनं काही ठरवलं नव्हतं. अंगठ्यानं ठरवलं म्हणा. "आज एवढंच," असं म्हणून ती आत गेली.

खणात पत्र ठेवताना तिनं स्वतःची समजूत घातली. आयसिल्डा आपली चर्चमधली बहीण. पोर तिच्या जिवावर वाढलीय. आधी तिच्या हातात द्यावं, मग ती चुलीत घालो नाहीतर बायबलात ठेवो. हे खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं तिनं खणाबरोबर बंद केलं: की माझं दार ओस पडलंय, आता आणखी एका घरचं पाखरू मी माझ्याच तोंडानं उडवू काय?

शुक्रवारी आयसिल्डा आली. अंगणात कुणी नाही असं बघून खिडकीशी आली. काखेत तपकिरी कागदाचं पुडकं.

"व्हर्ल, पोरीचं पत्र आलं का गं?"

मिस व्हर्लचा हात खणाकडे गेलाच होता. तेवढ्यात आयसिल्डानं पुडक्याचा कोपरा उघडला. आत चेंडू खेळायचे बूट. काळे, बाजूनं पांढरी पट्टी.

"हसू नकोस. तीन रात्री देवाशी भांडले, तो काही ऐकेना. म्हटलं जाऊ दे पोरीला. पत्र आलं की बूट हातात ठेवीन, तोवर कुणाला बोलू नकोस."

आता पत्र काढून द्यायचं म्हणजे त्यावर मंगळवारचा शिक्का. मिस व्हर्लनं स्वतःच्या हातानं मारलेला, ठसठशीत. 'मंगळवारी आलं होतं मग पुकारलं का नाहीस?' असं आयसिल्डा विचारणारच. तीस वर्षांत जिनं एक नाव गाळलं नाही, तिनं ज्या पोरीचं नाव गाळलं तिच्या आजीसमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

"नाही गं," मिस व्हर्ल म्हणाली. "नाही आलं अजून."

एवढेच शब्द. पुढे आयसिल्डा रोज विचारत राहिली आणि ती रोज तेच सांगत राहिली. शिबिराचा दिवस उलटला तेव्हा मिस व्हर्लनं त्या पत्रावर 'घेणारा सापडला नाही' असा दुसरा शिक्का मारला आणि परतीच्या थैलीत टाकलं. घेणारी त्या वेळी समोरच्या मैदानात पोरांना चकवत होती.

मास्तरांना आणि आयसिल्डाला वाटलं किंग्स्टनवाल्यांना पोर नको होती. पोरीचं मन दुखू नये म्हणून ती बुटांबद्दल अवाक्षर बोलली नाही. वादळानंतर चर्चनं कपडे गोळा केले तेव्हा बूट चर्चच्या मदतपेटीत गेले. केरीननं विचारलं, "माझं पत्र?" आजी म्हणाली, "आलं नाही." टाकीमागे उभं राहून जिनं चुलीची भाषा ऐकली होती ती हे कशी मानील? आपण शाळेत असताना आजीनं आपल्या वतीनं 'हजर' म्हणून ते घेतलं असणार, असं तिनं धरलं. त्या दिवसापासून केरीननं आजीला आजी म्हणणं सोडलं. 'मिस फेसी' म्हणायला लागली, कुणी परक्या बाईला म्हणावं तसं.

आणि मिस व्हर्ल? ती दर रविवारी आयसिल्डाच्या शेजारी बसून एकाच पुस्तकातून भजन म्हणत आली. अठरा वर्षं.

*

ज्या वर्षी आपल्या देशाच्या मुली फुटबॉलच्या जगाच्या स्पर्धेला गेल्या, त्या वर्षी केरीन तेहतीस वर्षांची होती. रस्त्याच्या कडेला मासे तळून विकायची आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानात गावच्या मुलींना चेंडू शिकवायची. आयसिल्डा अंथरुणाला खिळलेली. केरीन तिला न्हाऊ घाले, भरवी, कूस वळवून देई, कशात कमी नाही. फक्त, "मिस फेसी, तोंड उघडा," एवढंच बोलणं.

टपालघरासमोर लिनव्हलचं दुकान; वडीलधारा म्हणून गाव त्याला मास लिनव्हल म्हणे. सामन्यांसाठी त्यानं टीव्ही बाहेर पडवीत आणून दोन खोक्यांवर ठेवला. केरीननं हिरव्या, सोनेरी, काळ्या पताका लावल्या. सामने आपल्याकडे अकराला सुरू व्हायचे आणि टपाल दहाला यायचं, म्हणून अंगणातली माणसं घाईवर आली.

"मिस व्हर्ल, आज नुसती आडनावं पुकार, बाकीचं आम्ही आमचं वाटून घेतो!"

"आणि टुलोक सात आहेत, त्यांचं काय करू? फाडून वाटू?"

पहिल्या सामन्याला केरीननं तिच्यासाठी सगळ्यांत पुढे खुर्ची ठेवली. "आँटी व्हर्ल, इथं बस. उन्हात डोकं धरेल तुझं." हातात कोकोचा चहा दिला, बशीत कसाव्याची भाकरी आणि माशाचा मधला तुकडा. मिस व्हर्लला खेळातलं फारसं कळत नव्हतं. मुली तिला पाठीवरच्या आकड्यांनी ठाऊक. "त्या सतराला कुणी जेवायला घालत नाही काय?" ती म्हणाली, आणि सगळी पडवी हसली. समोरच्या मुली ताडामाडाएवढ्या. तीन गोल बसले.

मास लिनव्हल हळहळला. "केरीन, तू असतीस तर निदान एक तरी परत फेडला असता."

"असते की! पत्र आलंच होतं माझं," केरीन हसून म्हणाली. "पण आमच्या मिस फेसींनी त्यावर चहा केला ना!"

गावाची ही जुनी थट्टा. सगळ्यांच्या तोंडपाठ. लोक हसले, एकानं तर "चहात साखर होती का?" असं पुढचं ठरलेलं वाक्यही टाकलं. मिस व्हर्लला भाकरीचा ठसका लागला. केरीननंच तिची पाठ थोपटली.

दुसऱ्या सामन्यात सतरा नंबरनं गोल केला. मग काय विचारता! बायका घरातून पातेल्यांची झाकणं घेऊनच आल्या होत्या, ती अशी बडवली की टेकडीवरची गाढवं दावं तोडून पळाली. केरीन रडत होती. तिनं मिस व्हर्लच्या गळ्यात हात टाकले, गाल तिच्या गालाला लावला. "आँटी, बघ! आपली पोरगी! खांदा कसा पाडला बघितलास? मी पोरींना तेच शिकवते!"

मिस व्हर्लचे हात मांडीवरून उठले नाहीत. तेलाचा, माशाचा, घामाचा वास येणारी ती मान तिच्या खांद्यावर होती आणि तिला वाटलं, हिला बाजूला करावं, नाहीतर हिच्या पायाशी बसावं, दोन्हींपैकी एक. दोन्ही केलं नाही. चर्चची फुलं लावायचीत म्हणून ती सामना संपायच्या आधी उठून गेली. त्या दिवशी चर्चला कुलूप होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

सामना बरोबरीत सुटला. आता तिसरा जिंकला तर पुढे जायचं, नाहीतर घरी. गावात दुसरं बोलणं नव्हतं. मिस व्हर्लच्या डोक्यात वेगळंच. मधल्या दिवशी ती आयसिल्डाकडे गेली तेव्हा आयसिल्डा छताकडे बघत म्हणाली होती, "झाकणं ऐकली गं इथवर. व्हर्ल, मी मरायच्या आधी त्या पोरीनं एकदा मला आजी म्हणावं, एवढंच मागते. पण मी नाही जाळलं ते पत्र. आलंच नव्हतं ना? तूच सांगितलंस ना?"

"हो," मिस व्हर्ल म्हणाली होती. पुन्हा एकदा.

*

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी नऊला ती केरीनच्या चुलीपाशी गेली. केरीन माशांचे खवले काढत होती.

"आँटी, इतक्या लवकर? थांब, पहिला तुकडा तुला."

"नको. ऐक. तुझं पत्र आलं होतं."

"कुठलं? आज?"

"अठरा वर्षांपूर्वी. आयसिल्डानं नाही जाळलं. तिनं ते कधी बघितलंच नाही. मी पुकारलं नाही. खणात ठेवलं, मग परत धाडलं."

सुरी चालतच होती. खवले मिस व्हर्लच्या बुटांवर उडत होते.

"वाचलंस?"

"नाही."

"मग का?"

मिस व्हर्लनं रात्रभर या प्रश्नाची चार चांगली उत्तरं जुळवली होती. तोंडातून पाचवंच आलं. "माझं येत नव्हतं म्हणून."

केरीननं दुसरा मासा ओढला. मिस व्हर्लनं बुटांचंही सांगितलं.

"बूट?" आता सुरी थांबली. "कोणते बूट?"

"काळे. पांढरी पट्टी. सहा नंबरचे. तुला जाऊ द्यायचं ठरवलं होतं तिनं."

"माझा पाय साडेपाच होता." केरीननं हाताच्या उलट्या बाजूनं नाक पुसलं. "ती नेहमी वाढत्या मापाचं घ्यायची." तिनं परातीतला मासा बाजूला सारला. मग म्हणाली, "मला एकटीला सांगून तू मोकळी होशील, ती नाही होणार. मी या गावाला अठरा वर्षं हसवलंय तिच्यावर. दहाला थैली येईल तेव्हा सांग. पायरीवर उभी राहून. पुकारतेस तशी."

"केरीन, आज नको. आज सामना आहे, सगळे..."

"म्हणूनच. सगळे आहेत."

दहाला गाडी आली. अंगणात झाकणं घेतलेल्या बायका, पताका धरलेल्या पोरी, दुकानाच्या दारात मास लिनव्हल. मिस व्हर्लनं शिक्के मारले, गठ्ठा घेतला, पायरीवर आली. आधी टपालातली नावं पुकारली, कारण तो लोकांचा हक्क. सगळं वाटून झाल्यावर रिकाम्या हातांनी ती तिथंच उभी राहिली.

"केरीन फेसी," तिनं पुकारलं.

"हजर, मॅडम." मागून, गर्दीच्या शेवटून.

मग मिस व्हर्लनं सांगितलं. आवाज तोच, पलीकडच्या टेकडीवर जाणारा, त्यामुळे तिथल्या माणसालाही नीट कळलं. मंगळवार, शुक्रवार, बूट, दोन शिक्के, काही वगळलं नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एका म्हातारीनं नुसतं, "आई गं," म्हटलं. मास लिनव्हलनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. चहाची थट्टा त्यानंच पहिल्यांदा केली होती.

केरीन वळली आणि घराकडे चालू लागली. पळाली नाही, चालत गेली.

टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं. लोक उभे राहिले, बसले. खुर्ची पुढे होती तशीच होती. कुणी मिस व्हर्लला बस म्हणालं नाही, ऊठ म्हणायचा प्रश्न नव्हता. ती टपालघरात खिडकीमागे बसून राहिली. पहिल्या दहा मिनिटांत आपल्या मुलींनी गोल केला. एका लहान पोरीनं झाकण वाजवायला सुरुवात केली, आईनं तिचा हात धरला. ती शांतता मिस व्हर्लला खिडकीतून ऐकू आली. एवढा मोठा गोल, आणि गावाला धड ओरडताही आलं नाही. ज्या पोरी सातासमुद्रापार जीव तोडून धावत होत्या त्यांच्याही ताटातलं आपण उचललं, असं तिला वाटलं. उत्तरार्धात दोन गोल बसले. मुली हरल्या. दहा नंबर गवतावर तोंड झाकून बसली होती म्हणे. ते मिस व्हर्लनं बघितलं नाही.

संध्याकाळी मास लिनव्हल टपालघराचा दिवा विझवायला आला, तो नेहमीच यायचा.

"अजूनही दोघी रडताहेत," तो दारातूनच म्हणाला. "मी भाकरी ठेवायला गेलो होतो. पोरगी तिला आजी म्हणतेय. एका वाक्यात तीनदा म्हणतेय."

"बरं झालं."

"हो, बरंच झालं." त्यानं आत येऊन दिवा विझवला. "तुला काही म्हणावं असं फार आलं मनात, व्हर्ल. पण मीही अठरा वर्षं हसलो ना."

रविवारी मिस व्हर्ल भजनाला मागच्या बाकावर बसली. आयसिल्डाला भेटायला ती एकदा गेली. आयसिल्डानं तिच्याकडे बघितलं, "पाणी पिऊन जा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मिस व्हर्ल पाणी पिऊन आली. टपालाचं काम सोडते असं तिनं वरच्या कचेरीला कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की दुसरी बाई मिळेपर्यंत चालवा. ते पत्रही तिनं पायरीवर स्वतःचंच नाव पुकारून घेतलं. कुणी हसलं नाही. पण गर्दीतून कुणीतरी तिच्या वतीनं हळूच, "हजर," म्हणालं.

दुसरी बाई मिळायच्या आधीच, ऑक्टोबरात, मिस व्हर्ल झोपेतच गेली. त्या आठवड्याच्या गुरुवारी तिनं शेवटचं पत्र पोचवलं. जे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं टपाल गुरुवारी ती स्वतः नेऊन द्यायची. त्या दिवशी एकच होतं, आयसिल्डाच्या बहिणीचं, इंग्लंडहून. मिस व्हर्लनं टपालघराला कुलूप घातलं, छत्री घेतली, कारण ऊन होतं, आणि चढ चढून गेली. वाटेत दोनदा दम खायला थांबली. फाटकाशी उभी राहून ओरडली, "कुत्रं धरा!"

फेसींचं कुत्रं मरून तीन वर्षं झाली होती. पण दुसऱ्याच्या अंगणात शिरताना असंच ओरडायचं असतं.

केरीन हात पुसत बाहेर आली. मिस व्हर्लनं पाकीट डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं. "आयसिल्डा फेसी."

"तिच्या वतीनं हजर," केरीन म्हणाली आणि पत्र घेतलं.

"शिक्का आजचाच आहे," मिस व्हर्ल म्हणाली.

केरीननं शिक्का बघितला. "आहे."

मग मिस व्हर्लनं फाटक ओढून घेतलं, कडी नीट बसली की नाही ते हलवून बघितलं, आणि उतार उतरू लागली.